साठीनंतर क्रोशे शिकताना: पहिल्या साखळीपासून दारावरच्या तोरणापर्यंत

पोस्टाच्या काउंटरवर ३४ वर्षं काढून मी निवृत्त झाले, त्या पावसाळ्यात आईची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं क्रोशाचं तोरण निघालं. पांढऱ्या दोऱ्याची जाळी, समोरासमोर दोन मोर आणि मध्ये ‘सुस्वागतम्’. शेजारी तिची स्टीलची बारीक सुई आणि अर्धा उरलेला दोऱ्याचा गुंडा. तीच सुई आणि तोच दोरा घेऊन मी शिकायला बसले. दोन आठवड्यांत मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हाती आली ती चार बोटं लांबीची गाठाळलेली दोरी. सगळं परत ट्रंकेत गेलं. हे आता या वयात जमायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी माझ्या हातात जाड सुई आणि फिकट पिवळी लोकर दिली नसती, तर गोष्ट तिथेच संपली असती. काकू ७८ वर्षांच्या आहेत आणि आजही रोज विणतात. चूक वयाची नव्हती, सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली होती. बारीक दोरा हा शेवटचा धडा असतो, तो मी पहिला धरला होता. तुमचं असं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण आपल्या वयाला हीच कला का मानवते ते तिच्यात आहे. दोन सुयांच्या विणकामात सुईवर साठ-सत्तर टाके एकदम उघडे असतात. सुई निसटली की सगळे धोक्यात. क्रोशात कुठल्याही क्षणी उघडा असतो तो एकच फास. दाराची बेल वाजली, कुकरची तिसरी शिट्टी झाली, नातू झोपेतून उठला, तर त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. परत येईपर्यंत काहीही सुटत नाही. आणि चुकलं तर दोरा ओढला की चुकीच्या जागेपर्यंत सरळ उसवत जातं, पुढे पुन्हा विणता येतं. विसरभोळेपणा वाढण्याच्या वयात ही फार मोठी सोय आहे.

काय काय लागेल

- टोकाला आकडा असलेली क्रोशाची ४ किंवा ४.५ मिलिमीटरची एक सुई, शक्यतो रबरी मुठीची; सुरुवातीच्या साखळीसाठी अर्ध्या मिलिमीटरने जाड आणखी एक
- फिकट, एकरंगी, मध्यम जाडीच्या लोकरीचे दोन गुंडे
- बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, टोकं लपवायला
- छोटी कात्री, मोजपट्टी, डझनभर सेफ्टी पिना
- वही आणि पेन्सिल
- जवळचं दिसणारा चष्मा आणि मान वळवता येणारा टेबल लॅम्प

एवढंच. सुया, दोरे आणि खोक्यांचे मोठे संच आत्ता घेऊ नका. त्यातल्या बहुतेक सुया वर्षभर लागत नाहीत.

१. डोळे आणि बोटं आधी पाहा

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर त्यात जवळचं दिसणारा भाग अगदी खाली असतो. विणताना हात मांडीवर, नजर त्या खालच्या भागातून, म्हणून हनुवटी नकळत वर उचलली जाते. माझी मान आखडण्याचं निम्मं कारण हेच होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना विणायचं काम सोबत न्या, हात नेहमी धरता तितक्या अंतरावर धरून दाखवा आणि त्या अंतरासाठी वेगळा साधा चष्मा करून घ्या. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर रात्री विणणं सोडा, सकाळी खिडकीशी बसा.

बोटांचंही तसंच. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, सकाळी एखादं बोट मुडपलेलंच राहून ‘कट्’ आवाज करत सरळ होत असेल, हाताला रात्री मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बोट अडकण्याचा त्रास मधुमेह असलेल्यांमध्ये जास्त दिसतो. म्हणून विणायचंच नाही असं नाही, पण सुई किती जाड आणि बैठक किती वेळाची ते त्यावरून ठरतं.

२. सुई निवडताना आकड्याचा घोळ

दुकानात सुईवर कधी मिलिमीटर लिहिलेलं असतं, कधी नुसता नंबर, कधी इंग्रजी अक्षर. स्टीलच्या बारीक सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, त्यामुळे नंबरावर गेलात तर हमखास फसाल. फक्त मिलिमीटर विचारा.

मूठ जाड हवी. बारीक दांडी घट्ट पकडावी लागते आणि घट्ट पकडीनेच अंगठा दुखतो. रबरी मुठीची सुई मिळाली नाही तर साध्या सुईच्या दांडीवर कापडी पट्टी गुंडाळा. काकूंच्या सुईवर जुन्या पायमोज्याचा तुकडा शिवलेला आहे, मऊ आणि धुता येणारा.

३. लोकर: काळी नको, केसाळ नको, लय बारीक नको

गडद निळ्या-काळ्या लोकरीत टाका दिसत नाही. तरण्या डोळ्यांनाही दिसत नाही. केसाळ लोकर छान मऊ लागते, पण उसवताना एकमेकांत गुंतते. आणि उसवणं तर पहिले सहा महिने रोजचंच आहे.

आपण ज्याला सरसकट ‘लोकर’ म्हणतो, ती बाजारात बहुतेक ॲक्रिलिक असते. शिकायला ती उत्तम. स्वस्त आहे, धुता येते, थोडी ताणली जाते त्यामुळे बोटांना हलकी जाते. सुती दोरा ताणला जात नाही, म्हणून हात लवकर थकतो. मात्र ॲक्रिलिकला गरम इस्त्री लावू नका, कापड लुळं पडतं ते कायमचं. तव्या-पातेल्याची पकड तर ॲक्रिलिकची कधीच करू नका. ते उष्णतेने वितळतं आणि हाताला चिकटू शकतं. स्वयंपाकघरातल्या वस्तूंना सुती दोराच.

गुंड्यावरची चिठ्ठी फेकू नका. वजन, लांबी आणि सुचवलेली सुई त्यावर असते, शिवाय रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लॉटचा, नंबर असतो. त्याच रंगाचे पण वेगळ्या घाण्याचे गुंडे ट्यूबच्या उजेडात सारखे वाटतात. विणून झाल्यावर उन्हात पाहिलं की मधोमध पट्टा दिसतो. मोठं काम असेल तर एक गुंडा जास्तीचाच आणा.

पुण्यात असाल तर तुळशीबाग आणि रविवार पेठेत फिरा, मुंबईत दादरला. गावात असाल तर शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात विचारा, नसेल तर ते मागवून देतात. पहिली खरेदी मात्र हाताने चाचपूनच करा.

४. पहिला आठवडा: फक्त साखळी

सरकगाठ मारून सुईत अडकवा. दोरा सुईवरून घ्या, सुईच्या टोकाच्या आकड्यात धरा, फासातून ओढा. ही एक साखळी. डाव्या हाताच्या तर्जनीवरून दोरा एकसारखा सरकत आला पाहिजे, सगळी कला तिथे आहे. सुई पेनसारखी धरायची की सुरीसारखी, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. दोन्ही करून बघा, ज्यात मनगट सरळ राहतं ती पकड ठेवा. डावखुऱ्यांनी आरशातल्यासारखं सगळं उलट करायचं, त्यात काही बिघडत नाही.

रोज १५ मिनिटं साखळी घाला आणि रात्री उसवून टाका. सात दिवस. कंटाळा येईल, पण हा आठवडा गाळू नका. साखळ्या एकसारख्या पडायला लागल्या की पुढचं निम्मं काम झालेलं असतं.

नवशिक्याची साखळी फार घट्ट येते, मग पहिल्या ओळीत सुई शिरतच नाही. सुरुवातीची साखळी अर्ध्या मिलिमीटरने जाड सुईने घाला आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्या. काकूंनी मला हे तिसऱ्या दिवशी सांगितलं. आधी कळलं असतं तर मनगटाचे हाल वाचले असते.

५. तीन टाके आणि मोजणी

आपल्याकडे घरोघरी नावं थोडी बदलतात. मी शिकले ती अशी:

*मुका खांब.* सुई टाक्यात घाला, दोरा ओढून बाहेर काढा. सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. बुटका, घट्ट टाका.

*खांब.* आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, मग टाक्यात घालून दोरा ओढा. आता तीन फास. दोरा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून.

*अर्धा खांब.* खांबासारखीच सुरुवात, पण तिन्ही फासांतून एकदम काढायचं.

आता सगळ्यात मोठा खड्डा. दहा ओळी विणून बघावं तर चौकोनाचा त्रिकोण झालेला. प्रत्येकाचं होतं. कारण ओळीच्या कडेला असतं. ओळ संपली की उलटून वर जायला साखळ्या घालाव्या लागतात: मुक्या खांबाला १, अर्ध्या खांबाला २, खांबाला ३. खांबाच्या ओळीत या ३ साखळ्या म्हणजेच पहिला खांब धरायचा. म्हणून पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात जातो. आणि ओळीचा शेवटचा खांब खालच्या ओळीच्या त्या ३ साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा. तो माथा डोळ्यांना टाक्यासारखा दिसत नाही, म्हणून आपण सोडून देतो. प्रत्येक ओळीत एक टाका कमी, की झाला त्रिकोण.

उपाय साधा आहे. त्या तिसऱ्या साखळीत लाल दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवा. २० खांब हवे असतील तर २२ साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाला. ओळ संपली की मोजा आणि वहीत रेघ मारा. मोठ्याने मोजा. मी देवाच्या जपासारखं पुटपुटत मोजते, आणि मोजता मोजता दिवसभराचं सगळं मनातून निघून जातं.

६. उसवायला शिका, मनापासून

हा वेगळा टप्पा मुद्दाम करते आहे. उसवताना जिवावर येतं. दोन तासांचं काम दहा सेकंदांत जातं, हे खरं. पण दोन ओळी खाली राहिलेली चूक वर झाकली जात नाही, तिथून कापड वाकडं होत जातं. चूक दिसली की थांबा, चुकीच्या टाक्यात पिन लावा, सुई काढा, दोरा अलगद आडवा ओढा. वर ओढलात तर गाठ बसते. पिनेपाशी आल्यावर शेवटचे दोन-तीन टाके हाताने सोडवा, मग फासात सुई घाला.

उसवलेला दोरा कुरळा होतो. त्याचा सैल गुंडा करा, त्याच दोऱ्याने लगेच विणलं तरी चालतं. तोच दोरा सात-आठ वेळा उसवला की मात्र फुगतो, तो सरावाला ठेवा.

७. पहिली वस्तू कोणती

स्वेटर नको, पलंगपोस नको. पहिली वस्तू आठवड्याभरात संपली पाहिजे. तांब्याखाली ठेवायचा रुमाल, चष्म्याचं घर, नाहीतर खांबांचा जाळीदार चौकोन. मी चौकोन सुचवते, कारण त्यात ओळीची कडच नसते, म्हणजे वरचा खड्डा टळतो.

चौकोन असा: ४ साखळ्या घालून पहिल्या साखळीत जोडून गोल करा (जोडणं म्हणजे त्या साखळीत सुई घालून दोरा तिच्यातून आणि सुईवरच्या फासातून एकदम ओढणं). त्या गोलात ३ साखळ्या आणि २ खांब, हा पहिला गुच्छ. मग २ साखळ्या, ३ खांब, असं एकूण तीनदा. शेवटी २ साखळ्या घालून सुरुवातीच्या साखळीच्या माथ्याशी जोडा. चार गुच्छ, चार कोपरे. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्याच्या पोकळीत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, आणि बाजूच्या पोकळ्यांत ३-३ खांब. दुसऱ्या फेरीत ८ गुच्छ, तिसरीत १२. मोजणी जमली नाही तर कोपरा हुकलाय असं समजा.

असे चौकोन जोडून चादरी होतात. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाच्या बायकांनी चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरची चादर मांडली आणि गिनीज विक्रम केला. मला त्या विक्रमापेक्षा एक विचार जास्त धीर देतो, की त्या चादरीचा प्रत्येक चौकोन कुणीतरी आपल्या घरी बसून एकेका फासाने पुरा केला होता.

बाळाची टोपडी-मोजे करायचा मोह होईल, करा. फक्त जाळी मोठी ठेवू नका, बाळाची बोटं अडकतात. मणी, बटणं अजिबात नकोत.

८. नमुना वाचताना

मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकत असाल तर वेग अर्ध्यावर आणा. इंग्रजी नमुन्यात मोठा सापळा आहे: अमेरिकन आणि ब्रिटिश नावं वेगळी. अमेरिकेचा ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकेचा ‘डबल’ म्हणजे आपला खांब, तो ब्रिटिशांचा ‘ट्रेबल’. मी एक अख्खी टोपी चुकीच्या नावाने विणली, ती नातवाऐवजी बाहुलीला बसली. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर तो अमेरिकन, ही खूण पुरते. चिन्हांची आकृती मिळाली तर आणखी बरं, तिला भाषा लागत नाही.

९. किती वेळ बसायचं

२० मिनिटं विणा, ५ मिनिटं उठा. मोबाइलवर गजर लावा, कारण ‘एवढी ओळ संपवते’ म्हणत तास जातो. मुठी उघडा-मिटा, मनगट फिरवा, खांदे मागे न्या. पाठीला टेका आणि मांडीवर उशी, म्हणजे हात अधांतरी राहत नाहीत. दुखायला लागलं की त्या दिवशी बंद. दुखणं दाबून विणलं तर पुढचे आठ दिवस पोळी लाटताना कळ येते.

१०. ‘विकतेस का?’

महिन्याभरात कुणीतरी विचारेलच. खऱ्या क्रोशाचं काम आजही हातानेच होतं, यंत्रावरची असते ती त्याची नक्कल. तरीही मोल मात्र मिळत नाही. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकापासून बायका घरोघरी क्रोशाची लेस विणतात. मिशनऱ्यांनी शिकवलेली ती कला परदेशी गेली, पण विणणाऱ्या हातांना नगामागे मिळणारी मजुरी तुटपुंजीच राहिली. आपण निवृत्तीनंतर मनाच्या समाधानासाठी शिकतो आहोत. पहिली दोन वर्षं तरी मुदतीचं काम अंगावर घेऊ नका. द्यायचं तर भेट द्या. रुखवतात मांडायला म्हणून भाचीला ताटावरचे पाच रुमाल दिले, तेव्हा तिच्या सासूबाई एकेक उचलून उजेडाला धरून पाहत होत्या.

११. आता तोरण

वर्षभराने हात बसला की सुती दोऱ्याकडे या. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, तेव्हा १० नंबरपासून सुरू करा. ४० नंबरला जायची घाई नको.

तोरणाची जाळी म्हणजे चौकडीच्या कागदाचं गणित. रिकामं घर: एक खांब, २ साखळ्या, एक खांब. भरलेलं घर: मधल्या साखळ्यांच्या जागी २ खांब. शेजारच्या घरांचा खांब सामाईक असतो, म्हणून ३० घरांना ९१ टाके. कागदावर मोर किंवा अक्षरं घरं भरून काढा आणि विणलेली ओळ पेन्सिलीने खोडत जा. आमच्या आयांनी वहीच्या पानांवर हेच केलं होतं.

तयार तोरण कोमट साबणपाण्यात दाबून धुवा, चोळू नका, पिळू नका. मूठभर साबुदाणा भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, पातळ करा आणि त्या खळीत तोरण बुडवा. जाड टॉवेलवर पसरून कोपरे ओढून टाचण्या लावा आणि सावलीत वाळवा. टाचण्या न गंजणाऱ्याच घ्या, गंजाचा पिवळा डाग पांढऱ्या दोऱ्यावरून जात नाही.

ट्रंकेत ठेवायची वेळ आली की आधी खळ धुऊन काढा. खळीवर कसर येते. आईच्या तोरणात उजवीकडच्या मोराच्या पायाशी सात घरं कसरीने अशीच खाल्ली होती. गेल्या दिवाळीनंतर मी भिंगाचा दिवा लावून, तिच्याच बारीक सुईने, रोज १० मिनिटं बसून ती घरं भरली. नवा दोरा थोडा जास्त पांढरा आहे, जवळ जाऊन पाहिलं तर कळतं.